चिखल कोणाचा

मच्छीमार संस्थेच्या वरच्या खोलीत बैठक भरली होती. टेबलाच्या एका बाजूला खाडीच्या कामाला पैसे देणाऱ्या परदेशी संस्थेकडून आलेल्या बाई, दुसऱ्या बाजूला समितीचे पुरुष आणि मध्ये दुभाषी. ती बंदरावरच्या शाळेत परदेशी भाषा शिकवायची. समितीचे अध्यक्ष तिचे थोरले दीर. घरचीच आहे, सांभाळून घेईल, म्हणून त्यांनीच तिला बोलावलं होतं.

अध्यक्षांनी नकाशा पसरला. खाडीतलं मासळीचं प्रमाण घटलं होतं, म्हणून शिंपल्या वेचायचा किनाऱ्यालगतचा चिखल दोन वर्षं बंद ठेवायचं समितीने ठरवलं होतं. ओहोटीला त्या चिखलात उतरायच्या फक्त बायका. पुरुषांच्या बारीक जाळ्यांबद्दल मात्र चकार शब्द नव्हता.

"बायकांचं काय म्हणणं आहे?" पाहुण्या बाईंनी विचारलं. दुभाषीने प्रश्न सांगितला.

"त्यांची काही हरकत नाही," अध्यक्ष म्हणाले.

दुभाषी थांबली. "भाऊजी, विचारलंत कोणाला? सासूबाई रोज चिखलात जातात. आमच्या कानावर तर काही आलं नाही."

"तू नुसतं भाषांतर कर."

"करते की."

तिने पाहुण्या बाईंना सगळं सांगितलं. अध्यक्षांचं उत्तर, आपला प्रश्न आणि "नुसतं भाषांतर कर" हेसुद्धा. खजिनदाराला ती भाषा थोडीफार कळायची. तो छताकडे बघायला लागला.

"मग आधी त्यांना विचारू," पाहुण्या बाई म्हणाल्या.

बायका खालच्या शेडमध्येच शिंपल्या निवडत होत्या. दुभाषीने जिन्यातून हाक मारली, तशा सगळ्या हात पुसत वर आल्या. खुर्च्या पुरेनात. सासूबाईंनी खजिनदाराकडे नुसतं बघितलं. तो उठला.

"बंद ठेवायला आमची ना नाही," सासूबाई म्हणाल्या. "पण अर्धा चिखल या वर्षी, अर्धा पुढच्या. सगळाच बंद केलात तर घरं कशी चालायची? आणि बारीक जाळी त्याच दिवसापासून बंद."

"आई, जाळ्यांचा विषय वेगळा आहे."

"माशांची पिल्लं तुमच्या जाळ्यात जाणार आणि उपास आम्ही काढायचा, होय?"

खोलीत हशा पिकला. अध्यक्षांचे कान लाल झाले. दुभाषीने हेही शब्दन् शब्द पोचवलं. आपला आवाज जरासुद्धा कापला नाही, याचं तिला बरं वाटलं.

वाद बराच रंगला. एक होडीवाला तणतणत निघून गेला आणि चहा आल्यावर परत येऊन बसला. शेवटी अर्धा चिखल आणि बारीक जाळी, दोन्ही बंद करायचं ठरलं. समितीत निम्म्या जागा बायकांच्या, हेही सासूबाईंनी उठता उठता कबूल करून घेतलं.

दीर काही दिवस फुगून बसले. मग एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"पुढच्या बैठकीला येशील ना?"

"येईन. पण दुभाषी दुसरी शोधा, भाऊजी. बायकांनी समितीसाठी माझं नाव दिलंय."

त्यांनी मान डोलावली, चपला पायात सरकवल्या आणि जाता जाता म्हणाले, "ओहोटी कधी आहे ते आईला विचारून ठेव. बैठकीची वेळ त्याप्रमाणे लावू."