सत्तावीस नंबरचा बिल्ला

विमान दुरुस्तीवाल्यांच्या परिषदेत तीन गोष्टी फुकट मिळतात: पेन, कापडी पिशवी आणि दुसऱ्याचं शहाणपण. मास्तर दरवर्षी तिन्ही घरी आणायचे. यंदा मात्र ते स्वतःच शहाणपण वाटायला आले होते. नव्या पोरांना शिकवता शिकवता हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्त करायच्या शेडमध्ये, सगळे त्यांना मास्तर म्हणायला लागले, तेच नाव चिकटलं. जेवणानंतर त्यांचं भाषण होतं. विषय, ‘वीस वर्षांत एकही हत्यार हरवलं नाही.’

साफ खोटं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ मास्तरांनी आठ वर्षं घट्ट झाकून ठेवली होती.

हँगरचा नियम सोपा. भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक हत्याराची आकृती काढलेली असते. हत्यार घेतलं, की त्या जागी आपल्या नंबरचा पितळी बिल्ला टांगायचा. हत्यार परत आलं, की बिल्ला आपल्या खिशात. फळ्यावर एक जरी बिल्ला लटकत असला तरी विमान हलायचं नाही.

आठ वर्षांपूर्वी, काकांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, त्यांचा सत्तावीस नंबरचा बिल्ला लटकत राहिला. काका म्हणजे मास्तरांना हाताला धरून काम शिकवणारे बुजुर्ग मिस्त्री. त्यांचा लांब दांड्याचा आरसा, अडचणीच्या जागी डोकावायचा, सापडेना. विमानाला उशीर होत होता आणि साहेब तापले होते. निरोपाच्या दिवशी काकांची मान खाली जाऊ नये म्हणून मास्तरांनी गुपचूप नवा आरसा आणून फळ्यावर लावला आणि बिल्ला काकांच्या हातात दिला.

“सापडला काका. आसनाखाली होता.”

त्यानंतर काका भेटले की विचारायचे, “खरंच सापडला ना रे?” मास्तर हो म्हणायचे. काका गेले तेव्हा काकूंनी तो बिल्ला त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला. मास्तरांनी तो खिशात जाताना डोळ्यांनी पाहिला होता. काकांबरोबर बिल्लाही गेला.

ते विमान अजून उडत होतं. वयामुळे सगळे त्याला आजीबाई म्हणत. त्यानंतर दोन मोठ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही, म्हणून मास्तरांनी मनाची समजूत घातली होती. पण सहा महिन्यांपूर्वी त्यांची लेक सहवैमानिक झाली आणि ती समजूत उडून गेली. लेकीचं उड्डाण आजीबाईवर असलं, की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. फोन हातात घेऊन बसायचे आणि वेळ झाली की विचारायचे, “उतरलीस का?”

आज सकाळीच तिचा निरोप आला होता. ‘बाबा, अडीचला उड्डाण, आजीबाई. भाषण झकास करा!’

पावणेदोनला, जरा जीव रमावा म्हणून, मास्तर प्रदर्शनाच्या दालनात शिरले. कोपऱ्यातल्या दुकानात हत्यारांचा नवा कोरा फळा उभा होता. पाने, पक्कड, हातोडी, सगळं आपापल्या आकृतीत. एकच आकृती रिकामी होती, लांब दांड्याच्या आरशाची. तिच्यावर एक जुना पितळी बिल्ला लटकत होता. सत्तावीस.

मास्तरांनी तो उलटा केला. भोक तिरकं होतं. काकांनीच ते कानशीने मोठं केलं होतं आणि त्यावरून त्यांची किती चेष्टा व्हायची! बिल्ला कोमट होता, कुणीतरी नुकताच खिशातून काढल्यासारखा.

“हा कुठून आला?” मास्तरांनी विचारलं.

“काही कल्पना नाही हो,” दुकानातली बाई म्हणाली. “सकाळपासून तीनदा काढून ठेवला. पुन्हा तिथंच दिसतो. आणि आरसा पण गायब आहे. तुमचा आहे का?”

आजूबाजूला शेकडो माणसं कॉफी पीत होती, एकमेकांना कार्ड देत होती. त्या सगळ्या गलबल्यात त्यांच्या अगदी कानाशी कुणीतरी हळूच विचारलं, “खरंच सापडला ना रे?”

मागे कुणीच नव्हतं.

मास्तरांनी बिल्ला मुठीत घेतला आणि हँगरच्या साहेबांना फोन लावला. एका दमात सगळं ओकले.

“आजीबाईला थांबवा साहेब. उतारू बसले असले तर उतरवा. आठ वर्षांपूर्वी आरसा आत राहिलाय. मी खोटं बोललो.”

साहेब म्हणाले, “मास्तर, तुमची नोकरी जाईल.”

“जाऊ दे. आधी विमान थांबवा.”

विमान थांबलं. भाषणाची वेळ झाली, ध्वनिक्षेपकावर दोनदा पुकारा झाला, पण मास्तर जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. साडेचारला साहेबांचा फोन आला. वैमानिकांच्या पायांखालची तळपट्टी उघडली होती. सुकाणूच्या तारेला आरसा टेकला होता आणि अर्धी तार घासून तुटली होती. आजचं नाही तर उद्याचं उड्डाण शेवटचं ठरलं असतं.

मास्तरांनी मूठ उघडली. मूठ रिकामी होती. तळव्यावर बिल्ल्याचा गोल वळ तेवढा उमटला होता. हत्यार परत आलं होतं, बिल्ला ज्याचा त्याच्याकडे गेला.

त्यांना हुंदका आवरेना. इतक्यात लेकीचा फोन वाजला. त्यांना वाटलं, रडेल, बाबा तुम्ही वाचवलंत म्हणेल.

“सहा महिन्यांत अकरा वेळा मी त्या विमानात बसले, बाबा,” ती शांतपणे म्हणाली. “तुम्हाला माहीत होतं.”

“अगं, मी...”

“उतरलीस का, उतरलीस का म्हणून विचारायचात. मी मैत्रिणींना कौतुकानं सांगायचे, आमच्या बाबांचा माझ्यावर फार जीव.”

तिनं फोन ठेवला. मास्तरांनी बऱ्याच वेळाने तिला एक ओळ लिहायला घेतली, ‘घरी पोचलीस का?’ मग ती पुसून टाकली.