चपलांचा रॅक, मध्यंतरी चहाच्या कामावर

मी चपलांचा रॅक बोलतोय. माझ्या अंगावर चहाचे डाग दिसले तर लगेच नाक मुरडू नका, त्यामागे मोठा इतिहास आहे. खानदानाबद्दल मात्र विचारू नका. लाकडाचा भुसा आणि गोंद दाबून मला केलं आणि वरून सागवानाचं चित्र असलेला कागद चिकटवला. दुकानात मी छान तोऱ्यात उभा होतो. कोपऱ्यातला कागद नखाने उचकटला की माझं पितळ उघडं पडतं, एवढंच.

ज्याने मला विकत घेतलं तो चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चष्म्यांचे बारीक स्क्रू पिळतो आणि घरी येऊन मोठ्या स्क्रूंवर सूड उगवतो. घरातली कुठलीही वस्तू जशी आणली तशी राहिली, तर त्याला चैन पडत नाही. बादलीचा दिवा झालाय, चाळणीचं घड्याळ. बायकोने काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "अगं, तात्पुरतं आहे."

मी खोक्यातून सुट्या फळ्यांच्या रूपात आलो. जोडणी कशी करायची हे दाखवणारा कागद सोबत होता. त्याने तो घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला आणि कामाला लागला. माझी वरची फळी उलटी बसली. खाली असायला हवी ती काठाची पट्टी वर आली. चपला ठेवताना तिला अडकायच्या, काढताना तर हमखास. बायको शाळेत गणित शिकवते. तिने एक नजर टाकली आणि म्हणाली, "फळी उलटी आहे."

"मुद्दाम केलीये," तो म्हणाला. मला स्वतःचीच लाज वाटली.

मग मी कुंड्यांचा स्टँड झालो. पाणी मिळालं की झाडं वाढतात, भुसा फुगतो. माझा मागचा एक पाय सुजला. त्याने मागचे दोन्ही पाय खालून कापले आणि त्यांना रबरी बुचं चढवली. आता मी मागे वाकून उभा राहायला लागलो. कुंड्या घसरल्या, एक फुटली, आणि मी गॅलरीत बंद पंख्याच्या शेजारी जाऊन पडलो. "पुढच्या आठवड्यात भंगारवाला येईल तेव्हा हे दोघंही जातील," असं गणिताच्या बाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोने, जाहीर केलं. पंख्याचं मला वाईट वाटलं. तो निदान एके काळी फिरत तरी होता.

त्याच आठवड्यात माझ्या मालकाची आई बाथरूममध्ये घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, "आत्ता चालल्या तर चालतील. पडून राहिल्या तर कायमच्या पडून राहतील."

आई आयुष्यभर नर्स होती. वॉर्डात तिचा दरारा होता म्हणे. ऑपरेशन झालेल्या माणसांना दुसऱ्या दिवशी रागावून उठवायची, वॉकर हातात द्यायची आणि चालवायची. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा तिने वॉकरकडे पाठ फिरवली. "ते धरून मी जन्मभर लोकांना चालवलंय. मला नको. मला माहितीये ते धरलेलं माणूस कसं दिसतं."

मुलगा गयावया करायचा. सून समजवायची. व्यायाम घ्यायला येणारी ताई तर घड्याळ बघत बसून राहायची. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी गॅलरीच्या दारातून बघत होतो आणि मला खरंच भीती वाटत होती. घरात एक माणूस हळूहळू सामान व्हायला लागलं होतं, आणि सामानाचे हाल काय असतात ते मला ठाऊक आहे.

मुलाला दुसरं काही सुचेना, म्हणून त्याने ड्रिल काढलं. आईला खोलीत गरम चहा मिळावा म्हणून चहाची गाडी करायची होती आणि हाताशी मी होतो. त्याने मला चाकं लावायला घेतली. पाकिटात चाकं चार होती, पण दोन त्याने आधीच कुठेतरी लावून टाकली होती. कुठे, ते त्याला आठवेना. उरलेली दोन पुढच्या पायांना बसली. मागे रबरी बुचं तशीच राहिली. वर बाथरूममधली टॉवेलची दांडी मूठ म्हणून ठोकली. म्हणजे चपलांचा रॅक, कुंड्यांचा पाय, टॉवेलची दांडी. आरशात बघायची माझी हिंमत झाली नाही.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"तात्पुरतं आहे."

पहिल्याच फेरीत त्याने मला घाईने ढकललं. मागची बुचं फरशीला घासून किंचाळली, कप हिंदकळले, चहा माझ्या अंगावर. सागवानाच्या कागदाला तेवढीच पॉलिश. पण कप मात्र खाली पडले नाहीत. उलट्या फळीच्या काठाने ते अडवून धरले.

"अरे, धावतोस काय असा!" आई पलंगावरून ओरडली. "वॉर्डात असतास तर बाहेर काढला असता तुला. हो बाजूला!"

आणि रागाच्या भरात ती उठली. पलंगाचा कठडा धरून उभी राहिली, माझी दांडी पकडली आणि तिने पाऊल टाकलं. तिचा भार आला की माझी बुचं जमिनीला चिकटायची, भार हलका झाला की चाकं पुढे सरकायची. सून डोळ्यांनी नवऱ्याला खुणावत होती, गप्प राहा म्हणून. त्याला खूण कळेल तर शपथ.

"आई, तू चालतेयस!"

"चालत नाहीये," आई म्हणाली. "चहा नेतेय."

दुसऱ्या दिवशी ताईने मला हलवून, दाबून पाहिलं. मला वाटलं, आता भंगार. पण तिने फक्त माझे स्क्रू घट्ट करायला लावले आणि खालच्या कप्प्यात वजनाला पिठाचा भरलेला डबा ठेवायला सांगितला. त्या दिवसापासून घरात कुणी व्यायाम हा शब्द काढला नाही. सगळे सारखे चहा मागायला लागले. ताईने तर इतका चहा प्यायला की तिला झोप येईना.

एकदा सून मला पुसत होती तेव्हा आई हळूच म्हणाली, "पुढे चाकं, मागे बुचं. अगं, वॉर्डातला वॉकर असाच असतो. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्याला सांगू नकोस, मुद्दाम केलंय म्हणेल."

दोघी हसल्या. मीही हसलो असतो, पण स्क्रू सैल होतात.

मग एका सकाळी आई मला ओट्यापाशी विसरली. हातात कप घेऊन सरळ खोलीत निघून गेली. मला आजवर बऱ्याच जणांनी विसरलंय, पण त्या दिवशी इतका आनंद झाला की सुजलेला पायही हलका वाटला.

माझं काम संपलं, तेव्हा मुलगा टेप घेऊन माझ्याभोवती फिरायला लागला. आईने त्याला दटावलं, "त्याला हात लावायचा नाही. त्याची चाकं काढ आणि दारात ठेव. चपलांचा रॅक आहे ना तो?"

आता मी दारात उभा आहे, वाकडाच. आईच्या बाहेर जायच्या चपला पडल्या दिवसापासून कपाटावर पिशवीत होत्या. आज सुनेने त्या काढून माझ्या उलट्या फळीवर ठेवल्या. नेहमीप्रमाणे काठाला अडकल्या. आईने मला चार शब्द सुनावले, हिसका देऊन त्या काढल्या, पायात घातल्या आणि सुनेच्या दंडाला धरून कोपऱ्यापर्यंत फिरायला गेली.

तुम्ही आलात तर तुमच्या चपला खालच्या कप्प्यात ठेवा. वरची फळी आत्ता रिकामी आहे, ती तशीच राहू द्या.