बापाच्या नावानं लिहिलेलं पत्र

सिंधुचे बाबा गेले तेव्हा माझ्या तोंडून पहिली गोष्ट निघाली ती रडण्याची नव्हती. "पोरीला कुणी तार करायची न्हाई!" असं मी भरल्या घरात ओरडून सांगितलं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. बघू द्या. सुमनबाई तोंडाची फटकळ हाय, हे गावाला काही नवीन नव्हतं.

सिंधु माझी एकुलती एक लेक. नागपुरात डॉक्टरकी शिकत होती अन् तिची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. तिचे बाबा, साहेबराव, अहमदपूरला पंचायत समितीत शिपाई. दुष्काळ पडल्यापासून त्यांना टँकरवर ड्युटी होती. बाबासाहेबांची जयंती झाली अन् पाचव्या दिवशी ते टँकरपाशीच ऊन लागून पडले, ते उठलेच न्हाईत. त्या उन्हात मयत ठेवणार तरी किती वेळ? पोरगी दोन दिवसांनी येऊन राखेपाशी बसली असती, अन् वर्ष बुडालं असतं ते वेगळंच.

धाकटा दीर नरसिंग लई चिडला. "वहिनी, बापाचं मरण लेकीपासून लपवता?"

"पेपर होऊ द्या," मी म्हणले. "बुद्धपौर्णिमेला ती येणारच हाय. पुण्यानुमोदनाचा मोठा कार्यक्रम तेव्हाच ठेवू. तोवर कुणीबी कार्ड टाकलं तर माझ्याशी गाठ हाय."

कुणी टाकलं न्हाई. भोकरच्या नागुबाई, माझ्या नणंदबाई, भावासाठी ऊर बडवून रडल्या, पण त्यांनीबी शब्द पाळला.

अकराव्या दिवशी पोस्टमन पत्र घेऊन आला. सिंधुचं. "तीर्थरूप बाबांस" असं लिहिलेलं. तिची सगळी पत्रं बापालाच यायची, मला शेवटी एका ओळीत नमस्कार असायचा. मला वाचता येत न्हाई. शेजारच्या खोलीत शाळेच्या सौदामिनीबाई राहतात, त्यांच्याकडं नेलं. बाईंनी आधी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली, पण पोरीनं जुन्या सवयीनं पत्त्यात जिल्हा उस्मानाबाद लिहिलेलं. पत्र तिकडं गेलं, कुठल्या तरी टपालात पडून राहिलं, अन् एकोणीस दिवसांनी आमच्या दारात आलं. बाप जिवंत असताना लिहिलेलं पत्र बाप गेल्यावर आलं.

बाईंनी वाचलं. "बाबा, माझ्याच्यानं होत नाही. चाचणीत नापास झाले. इथं सगळे इंग्रजी शाळेतले, मी तोंड उघडलं की हसतात. यंदा परीक्षा देत नाही, घरी येते. तुम्ही काय म्हणता ते लगेच कळवा. तुम्ही म्हणाल तसं करीन."

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. परीक्षा दहा दिवसांवर. स्कॉलरशिप एकदा तुटली की पुन्हा कोण पाठवणार होतं तिला नागपूरला? अन् ती कुणाचं ऐकणार होती? बापाचं. तो बाप तर राख होऊन गेला होता.

"बाई, लिहा," मी म्हणले. "तिच्या बाबांकडून लिहा."

"काहीतरीच काय, सुमनबाई! गेलेल्या माणसाच्या नावानं मी लिहू? मला जमणार नाही."

"गेला तो माझा नवरा. पाप लागायचं ते मला लागंल. तुम्ही फक्त हात चालवा."

शेवटी बाईंनी आंतरदेशीय पत्र काढलं. वर तारीख टाकली. बाबांचा हात दुखावलाय म्हणून बाई लिहून देतात, असं सुरुवातीलाच घातलं, म्हणजे अक्षराचा संशय नको.

आता खरी पंचाईत. तो माणूस काय म्हणला असता? मला पक्कं ठाऊक होतं. मॅट्रिकला पोरगी तालुक्यात पहिली आली तेव्हा ते म्हणले होते, "तालुक्यात पोरी शिकतातच किती?" गुणाचे होते, दारूला कधी शिवले न्हाईत, पण कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडून फुटायचा न्हाई. आताबी म्हणले असते, "रडायचं असलं तर शिकायला गेलीस कशाला?" ते लिहिलं असतं तर पोरगी गाठोडं बांधून घरी आली असती. म्हणून मी माझ्या मनानं सांगत गेले, अन् बाई लिहीत गेल्या.

"सिंधु, शाब्बास. तू तिथवर पोचलीस हेच लई मोठं केलंस. आपल्या सात पिढ्यांत असं कुणी केलं न्हाई. हसणाऱ्यांना हसू दे. रातच्याला तुझी आठवण आली की छाती भरून येते. नापास झालीस तरी तू माझी वाघीण हायस. पण पेपर देऊन ये."

लिहिता लिहिता बाईंच्या डोळ्यांना पदर लागला. माझे डोळे कोरडेच होते.

आठवड्यानं उत्तर आलं, या खेपेला जिल्हा बरोबर. "बाबा, तुमचं पत्र उशीखाली ठेवलंय. रोज वाचते. सगळे पेपर देते." अन् त्याखाली पौर्णिमेचा बेत, पानभर. दोन वर्षांत सगळे एका ठिकाणी जमले न्हाईत, तर या वर्षी जमायचंच. नागुआत्यांना भोकरहून बोलवा, खीर त्यांच्याच हातची पाहिजे. नरसिंगकाकांना आठवडाभर आधी सांगा, ते ऐन वेळी कारणं सांगतात. सगळ्यांनी पांढरे कपडे घाला. गावात पाणी नसलं तर येणाऱ्यानं घागर-घागर घेऊन या म्हणावं. वंदना बाबांनीच घ्यायची, दुसऱ्या कुणी न्हाई.

मी ते पत्र बाईंकडून तीनदा वाचून घेतलं, अन् तिनं सांगितलं तसंच एकेकाला निरोप धाडला. तीच माणसं, तेच पांढरे कपडे, तीच खीर. जेवण कशासाठी, तेवढं एक तिला ठाऊक नव्हतं. तो महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. माझ्याशी पोरगी पुन्हा बोलंल का, एवढाच घोर लागून राहिला होता.

पौर्णिमेच्या सकाळी नरसिंगला घेऊन मी नांदेडच्या स्टँडवर गेले. नागपूरची गाडी लागली. सिंधु उतरली, आधी हसली, अन् मग तिनं माझं कपाळ बघितलं. हात बघितले. हातातली बॅग खाली गेली.

"कधी?"

"जयंतीनंतर. पाचव्या दिवशी."

मला वाटलं ती ओरडंल, चार लोकांत मला शिव्या देईल. तिनं बॅगेतून पत्र काढलं. घडी पडून पडून फाटायला आलेलं. वरच्या तारखेवर बोट ठेवलं. "तीस एप्रिल. मग हे कुणी सांगितलं?"

नरसिंग पटकन म्हणला, "जायच्या आधी सांगून गेला होता गं दादा. बाईंनी नंतर लिहिलं, एवढंच."

भला माणूस. मला वाचवायला निघाला होता. मी मान हलवली असती तरी भागलं असतं, पोरीला बापाचं कौतुक जन्मभर पुरलं असतं. पण आधीचं खोटं मी तिच्या पेपरांसाठी बोलले होते. हे खोटं माझ्याच सोयीचं झालं असतं.

"न्हाई," मी म्हणले. "ते काही बोलले न्हाईत. तुझं पत्रच त्यांच्या माघारी आलं. ते सगळं मी सांगितलं."

तिनं पत्राची घडी घातली अन् बॅगेत ठेवलं. अहमदपूरपर्यंत गाडीत ती खिडकीबाहेर बघत बसली.

घरी सगळी जमलेली. नागुबाई एसटीतून पाण्याचा कॅन सांभाळत आल्या होत्या, त्याच पाण्यात खीर शिजली. बाबासाहेबांच्या अन् बुद्धाच्या फोटोंशेजारी तिच्या बाबांचा फोटो मांडलेला. वंदना कोण घेणार म्हणून नरसिंग इकडंतिकडं बघायला लागला, तेवढ्यात सिंधु पांढरी साडी नेसून पुढं बसली. तिनं घेतली. आवाज एकदाबी हलला न्हाई. मला तिची भीती वाटली, खरं सांगते.

माणसं पांगल्यावर ती मागच्या दारी भांड्यांपाशी माझ्याजवळ येऊन बसली.

"आई, बाबांना तसं वाटत तरी होतं का?"

"मला ठाऊक न्हाई गं. मला वाटत होतं."

"मग तुझ्या नावानं का न्हाई लिहिलंस?"

मला रागच आला. महिनाभर दाबून ठेवलेला सगळा राग. "माझ्या नावानं लिहिलं असतं तर दिले असतेस पेपर? खरं सांग!"

तिनं खोटं बोलावं असं मला वाटत होतं, अन् बोलू नये असंबी वाटत होतं.

"न्हाई," ती म्हणली.

अन् मग माझ्या मांडीवर डोकं टाकून रडायला लागली, बापासाठी अन् कशाकशासाठी कुणाला ठाऊक. तिच्या केसांत हात घातला, तेव्हा साहेबराव गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू आलं.