आतल्या खोलीची कडी

प्रयोगशाळेत त्या उंदराला सगळे आजोबा म्हणत, कारण काम नसलं की तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तोंड फुगवून बसे. त्याच्या डोक्यात बारीक तारा बसवलेल्या होत्या. त्यांतून विजेचा हलका प्रवाह सोडायचा आणि मेंदूच्या हालचालीत काय फरक पडतो ते पडद्यावरच्या रेषांवरून मोजायचं, हे सूनबाईचं काम. सूनबाई ती घरी. पण आपणही तेच म्हणू.

नवीन माणूस तिथे हटकून एक चूक करी. प्रवाह चालू असताना रेषा थयथयाट करते, ते पाहून तो "मेंदूने उत्तर दिलं!" म्हणून नाचायला लागे. "अहो, तो नुसता करंटचा गोंगाट," सूनबाई म्हणे. "मेंदूचं म्हणणं करंट थांबल्यावर बघा." सांगून सांगून तिचं तोंड दुखलं होतं.

त्या दिवशी प्रवाह जरा जास्त झाला आणि आजोबांना झटका आला. पाय ताठ, अंग थरथरतंय. तिथला नियम कडक होता: झटका आलेल्या जनावराला एकटं सोडायचं नाही. ते उठून चाललं, चार दाणे खाल्ले, की मगच खुर्ची सोडायची. सूनबाईला घरी लवकर जायचं होतं. तरी ती बसली. आजोबांनी सावकाश उठून दाणा कुरतडायला घेतला तेव्हा ती निघाली, आणि बस चुकली म्हणून पाय ओढत घरी पोचली.

"आलीस एकदाची!" सासूबाई दारातच म्हणाल्या. "पाहुणे येतीलच. ताईला आत बसव आणि कडी लाव."

ताई ही थोरली नणंद. तिला लहानपणापासून झटके येत. औषधाने कमी झाले होते, पण दगदग झाली की यायचेच. धाकट्या नणंदेचं लग्न जमत आलं होतं. मुलाचे आईवडील आज पहिल्यांदा घरी येणार होते. परकं माणूस आलं की ताईला आतल्या खोलीत बसवायचं, अशी या घराची रीत होती. "एकीचं कळलं तर दुसरीला कोण करून घेईल?" हे सासूबाईंचं ठरलेलं वाक्य. अशा खोल्या आपल्याला वाटतं त्याहून जास्त घरांत आहेत, वाचकहो, आणि त्या घरांतला चहा आपण गोड मानून प्यायलो आहोत.

लग्न होऊन आली तेव्हा सूनबाई एकदा बोलली होती. पण रोज उठून कोण भांडणार? ती दमली, आणि हळूहळू कडी लावायचं काम तिच्याच हाती आलं.

ताई लोकरीचा गुंडा घेऊन स्वतःच आत गेली. "लाव गं वहिनी. माझ्यापायी तिचं अडायला नको."

पाहुणे आले. माणसं बोलकी होती. मुलाच्या आईने विचारलं, "घरी अजून कोण?"

"आम्ही एवढेच," सासूबाई म्हणाल्या. धाकटीने मान खाली घातली.

मग विषय सूनबाईच्या कामावर आला. तिने आजची आजोबांची गोष्ट सांगितली तशा त्या बाई हसल्या. "उंदराच्या उशाशी बसता? भारीच लाड की!"

"झटका आल्यावर एकटं ठेवायचं नाही," सूनबाई म्हणाली, आणि तिची नजर आतल्या खोलीच्या कडीवर गेली.

तेवढ्यात आतून धप्प आवाज आला. मग जमिनीवर टाचा आपटल्यासारखा.

"मांजर असेल," सासूबाई म्हणाल्या. "शेजारचं."

सूनबाई उठली. सासूबाईंनी डोळ्यांनी बस म्हटलं. तिने ते पाहिलं, आणि तरीही सगळ्यांदेखत कडी काढली.

ताई टेबलाच्या पायाशी पडली होती. कपाळाला खोक, अंग ताठ. सूनबाईने टेबल सरकवलं, डोक्याखाली उशी दिली. "चमचा आणा!" पाहुणेबाई ओरडल्या. "तोंडात काही घालायचं नाही," सूनबाई म्हणाली. झटका ओसरला तसं तिने ताईला कुशीवर वळवलं. धाकटीने आपल्या ओढणीने रक्त पुसलं.

"हे आम्हाला सांगितलं नाहीत," मुलाची आई म्हणाली.

"आता सांगते," धाकटी म्हणाली. "ही माझी मोठी बहीण. हिला कोंडून मला कुठेही नांदायला जायचं नाही."

चहा अर्धा टाकून पाहुणे उठले. "कळवतो" म्हणाले. कळवतो म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं.

"झालं समाधान?" सासूबाई दाराशी येऊन रडू लागल्या. "एकीचं नव्हतंच, आता दुसरीचंही गेलं."

सूनबाईला ओरडायचंही बळ नव्हतं. "आई, आज मी उंदराजवळ बसले, तो उठून खाईपर्यंत. आणि ताईंना माझ्या हाताने कोंडलं. सांगितलंत तुम्ही, पण लावली मी. आता कोणीही येवो, मी कडी लावणार नाही. कडीच काढून टाकणार आहे."

ताईने डोळे किलकिले केले. भान अजून अर्धवटच होतं.

"पाहुणे गेले?"

"गेले, ताई."

"मग कडी काढ ना गं."

दार सताड उघडं होतं. सासूबाईंनी दाराकडे पाहिलं, मग लेकीकडे. पदराने डोळे पुसत त्या गुडघे धरून ताईच्या उशाशी खाली बसल्या.

"स्क्रूड्रायव्हर कपाटात वरच्या खणात आहे," त्या सुनेला म्हणाल्या. "जा तू. मी बसते हिच्याजवळ."