खारूची तुळई

गेटवरच्या रखवालदारानं विचारलं, "तुम्ही तिचे कोण?"

"तिच्या आईचा नवरा," मी म्हटलं.

तो हसला. मी हसलो नाही, कारण खरं तेच होतं. खारू नुकती शाळेत जायला लागली होती तेव्हा मी तिच्या आईशी लग्न केलं, आणि तेव्हापासून ती मला काका म्हणते. वडील होऊन दाखवायच्या फंदात मी कधी पडलो नाही. मी शिंपी माणूस. शिवण कापडापेक्षा जरा नाजूक असावी, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण. ताण आला तर शिवण उसवते, ती पुन्हा घालता येते. कापड फाटलं की खेळ खलास. त्या पोरीच्या बाबतीतही मी अशीच बेताची शिवण घातली होती. उद्या तिला मी नकोसा झालो, तर कुणाचं फाटायला नको.

लाकूड प्रक्रिया अभियांत्रिकी हे नाव तिनं घरात पहिल्यांदा घेतलं, तेव्हा मी त्यावर भरपूर तोंडसुख घेतलं होतं. म्हणजे सुतारच ना, फक्त फी भरून झालेला, असं विचारलं होतं. तिनं न चिडता समजावलं, की लाकूड कापायचे कारखाने असतात, सुकवायच्या भट्ट्या असतात, प्लायवूड, फर्निचर, प्रयोगशाळा, सगळीकडे माणसं लागतात. माणसं लागत होती, पण अनुभववाली. प्रत्येक मुलाखतीत तोच प्रश्न, आणि पदवी घेऊन पोरगी माझ्या दुकानात बटणं निवडत बसलेली. ते बघून माझा जीव तुटायचा.

मग या कारखान्यानं तिला प्रशिक्षणाला घेतलं. इथला रिवाज असा, की प्रशिक्षण संपताना प्रत्येकानं एक तुळई स्वतः बनवायची. फळ्या निवडण्यापासून त्या सुकवून, जोडून, ग्लू लावून दाबेपर्यंत सगळं आपल्या हातानं. तुळई परीक्षेत उतरली तर नोकरी पक्की, नाहीतर प्रमाणपत्र आणि नमस्कार. त्या दिवशी घरचं एकच माणूस आणता येतं. खारूनं आईला सोडून माझं नाव दिलं. का, ते मी विचारलं नाही. सकाळी निघताना एवढंच सांगितलं, की काही कमीजास्त झालं तर दुकानातलं दुसरं मशीन तुझंच आहे. "माहितीये, काका," असं म्हणून ती बुटाची नाडी बांधत राहिली.

आत शिरताना तिनं माझ्या डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि वर बघायला सांगितलं. मी वर बघितलं आणि बघतच राहिलो. एवढा थोरला कारखाना, पण मधे एक खांब नाही. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाकडाच्या कमानी गेलेल्या, आणि सगळं छप्पर त्यांनी अलगद तोलून धरलेलं. एवढं मोठं झाड कुठं मिळालं, असं मी विचारलं.

"एवढं झाड नसतंच, काका. तुमच्या कटिंगच्या टेबलाएवढ्या फळ्या आहेत त्या. टोकाला टोक जोडून लांब केल्या, मग एकावर एक चिकटवल्या."

मी मान मोडेपर्यंत जोड शोधले. सापडले नाहीत. जन्मभर मी तुकडे जोडत आलो, पण असलं काही होऊ शकतं हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

खारूची तुळई दोन टेकूंवर आडवी ठेवली होती, माझ्या दुकानापेक्षा लांब. वर लोखंडी प्रेस. मुख्य इंजिनिअर बाईंनी हात वर केला आणि एकेक करत सगळी मशीनं थांबली. शेकडो माणसं जिथल्या तिथे उभी राहिली. प्रेसचं बटण तुळई बनवणाऱ्यानंच दाबायचं असतं. खारूनं दाबलं.

पडद्यावरचा दाबाचा आकडा चढू लागला. तुळई हळूहळू वाकायला लागली. लाकूड वाकताना करकरतं, तो आवाज कानात नाही, दाढांत ऐकू येतो. आकडा लाल रेघेपाशी आला, रेघ ओलांडून गेला. मी श्वास सोडला. झालं, पोरगी पास.

पण तिनं बोट उचललं नाही.

"खारू, थांबव," मी म्हटलं. तिनं वळूनही बघितलं नाही. असा धडाका झाला की पायाखालची फरशी हादरली, आणि तिची तुळई मधोमध मोडली. मी तिथल्याच फळ्यांच्या थप्पीवर बसलो. हातातोंडाशी आलेली नोकरी पोरीनं आपल्या हातानं मोडली, आणि आता ती पुन्हा बटणं निवडणार.

बाई गुडघ्यांवर बसल्या. बॅटरी आणि भिंग घेऊन मोडलेली जागा बोट फिरवत तपासू लागल्या. खारू त्यांच्या शेजारी. किती वेळ गेला कोण जाणे. मग बाईंनी उठून तिचा हात हातात घेतला आणि सगळा कारखाना टाळ्या वाजवायला लागला. मला काही कळेना.

ती एक तुकडा घेऊन माझ्याकडे आली. डोळे भरलेले, चेहरा हसरा.

"मोडायचीच असते, काका. कुठे मोडते ते बघायचं असतं. हे बघा, लाकूड फाटलंय. जोड एकही सुटला नाही."

"आमच्यात शिवण आधी सुटते," मी म्हटलं.

"ठाऊक आहे. इथे उलटं. दोन वेगळ्या झाडांच्या फळ्या, पण एकदा नीट धरल्या की लाकूड जाईल, जोड नाही जाणार. म्हणून तुम्हाला आणलं. आईला हे आधीच माहीत आहे."

मी तुकडा हातात घेतला. दोन फळ्यांच्या मधली बारीक रेघ सापडली. तिच्यात नख खुपसून बघितलं, सगळा जोर लावला. नखच मोडलं. मी मान वर केली नाही, कारण डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि समोर शेकडो माणसं होती.

ती गेटपर्यंत सोडायला आली. रखवालदारानं माझ्या हातातला तुकडा बघून अडवलं. कारखान्याचा माल बाहेर नेता येत नाही, म्हणाला. हे लाकूड कुणी दिलं?

"माझ्या मुलीनं," मी म्हटलं. "तिनंच बनवलंय."

"सकाळी तर वेगळंच सांगितलंत."

"सकाळचं सोडा."

माझ्या डोक्यावर हेल्मेट अजून तसंच होतं. खारूनं ते काढून घेतलं, माझे विस्कटलेले केस हातानं नीट केले, आणि रखवालदाराला म्हणाली, "जाऊ द्या त्यांना. माझे बाबा आहेत."