दुसऱ्याच्या गाडीचं दान

लुआ दुकानासमोर एका गाडीची चेन साफ करत बसली होती, तेवढ्यात योरिस चालत आला. पाठीवर सॅक, काखेत हेल्मेट आणि गुडघ्यावर कसल्याशा पाल्याचा वाळलेला लेप. आठवड्यापूर्वी हा हॉलंडचा पोरगा तिची निळी मोटारसायकल भाड्याने घेऊन डोंगरांच्या फेरीला निघाला होता. व्हिएतनामच्या या हा जियांग शहरात येणारे सगळेच निघतात.

"गाडी कुठाय?" लुआनं आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं.

"दिली," योरिस म्हणाला आणि एवढा गोड हसला, की लुआला वाटलं आपल्याच ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

"कुणाला दिली?"

"म्याव वाक गावाच्या पुढे एक कुटुंब आहे, अगदी गरीब. मी पडलो तेव्हा त्यांनी मला चरातून वर काढलं, औषध लावलं, जेवू घातलं. त्यांच्याकडे गाडी नाही. तुमच्याकडे तर वीस आहेत. माझं डिपॉझिट ठेवून घ्या, म्हणजे झालं."

त्यानं मोबाईल पुढे धरला. फोटोत ह्मोंग जमातीची एक म्हातारी बाई, तिची दोन नातवंडं आणि मधोमध लुआची निळी गाडी. खाली लाल बदामांची रांग. "बघा ना, लोकांना किती आवडलंय!"

लुआला बदाम दिसले नाहीत. तिला नंबरप्लेट दिसली. त्या नंबराचे कागद तिच्या कपाटात होते, तिच्या नावावर. उद्या नाक्यावर पोलिसांनी अडवलं तर त्या घरातला माणूस चोर म्हणून आत जाणार होता. शिवाय त्या गाडीचं इंजिन तिनं स्वतः, एकटीनं, अख्खा पावसाळा घालवून उघडून पुन्हा बसवलं होतं. म्हणे तुमच्याकडे वीस आहेत! कुणी मोजायला सांगितलं होतं याला?

"माझी गाडी," ती एकेक शब्द चावत म्हणाली, "मला न विचारता तू वाटून टाकलीस?"

"त्यांना जास्त गरज आहे, मिस लुआ."

लुआनं हातातलं फडकं बादलीत आपटलं आणि आपली लाल गाडी बाहेर काढली. "बस मागे."

"कुठे जायचंय?"

"जिथे दान केलंस तिथे."

वाटेत येन मिन्हला ती चहा प्यायला थांबली, पण त्याला विचारलं नाही. मनात मात्र तिची बडबड चालूच होती. आता तिचा राग योरिसवरून त्या घराकडे वळला होता. फुकट मिळतंय म्हटल्यावर कोण नाही म्हणतं? डोंगरावरच्या लोकांनी लगेच किल्ली घेतली असेल. आता मागायला गेलं की म्हणतील, कसली गाडी, कुठली गाडी. लुआ खोऱ्यातली, ताय लोकांतली. डोंगरावरच्या ह्मोंगांबद्दल असलं बोलणं तिनं लहानपणापासून ऐकलं होतं.

दुपारी ती दोघं त्या घरी पोचली. अंगणात गाडी नव्हती. फोटोतली बाई, चिआ, मका सोलत बसली होती. लुआनं हेल्मेटसुद्धा न काढता विचारलं, "मावशी, गाडी कुठे लपवलीत?"

चिआनं वर पाहिलं. योरिसला पाहिलं. मग उठून घरामागे गेली आणि मक्याच्या कडब्याची एक पेंढी ओढून बाजूला फेकली, मग दुसरी, मग तिसरी. खाली निळी गाडी होती.

"लपवलीच आहे!" ती कडाडली. "काय करणार मग? परवा हा पोरगा उठला, किल्ली माझ्या हातात कोंबली, फोटो काढला आणि बस पकडून पळाला. त्याची बोली मला कळत नाही. आम्हाला वाटलं, चोरीचा माल आमच्या गळ्यात टाकून गेला. माझा मुलगा पो दोन दिवस रानातल्या खोपीत जाऊन बसलाय, पोलीस येतील म्हणून. आणि तू! बसणं नाही, विचारणं नाही, आल्या आल्या 'कुठे लपवलीत'! चोराच्या घरी आलीस का गं?"

लुआच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती योरिसवर उलटली आणि सगळं त्याला इंग्रजीत ऐकवलं. त्याचा चेहरा पडला.

"मला फक्त आभार मानायचे होते," तो पुटपुटला.

लुआनं ते चिआला सांगितलं.

"आभार? माझी काय खाणावळ आहे? पडलेल्याला उचलायचं नाही तर काय वरून बघत बसायचं?"

"ऐकलंस?" लुआ योरिसला म्हणाली. "आता ही गाडी तूच चालवत खाली न्यायची."

योरिस दोन पावलं मागे सरला. "नाही जमणार. त्या वळणावर माझं पुढचं चाक कड्याबाहेर गेलं होतं. खाली नदी दिसत होती. मी आता तिथून नाही जाऊ शकत."

लुआ त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे गाडी दिलीस ती..."

त्यानं खाली बघत मान डोलावली. तेवढं पुरे होतं.

"अरे, घाबरलास तर घाबरलो म्हणायचं!" ती ओरडली. "एक फोन करायचास, मी टेम्पो पाठवला असता. त्या वळणाला मीसुद्धा घाबरते, इथली असून! पण तू आपली भीती यांच्या अंगणात टाकून गेलास आणि वर तिला दान म्हणून जगभर मिरवलंस. हे लोक दोन दिवस धास्तावून बसलेत आणि तुला बदाम!"

चिआनं सगळं समजावून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "फोटो काढून टाक म्हणावं. माझी नातवंडं भिकारी नाहीत."

योरिसनं फोटो काढून टाकला. चिआला वाचता येत नव्हतं, म्हणून लुआनं मोबाईल हातात घेऊन नीट तपासला आणि मान डोलावली. योरिस चिआसमोर वाकून काहीतरी म्हणाला. तिनं पाठ फिरवली आणि पुन्हा मका सोलायला बसली.

मी पुढे राहते, असं लुआनं बजावल्यावर योरिस कसाबसा निळ्या गाडीवर बसला; खाली येताना ती आपल्या लाल गाडीवर पुढे आणि तो मागे. त्या वळणाच्या आधी ती थांबली. त्याला उतरवून कड्यापर्यंत नेलं, रस्ता किती रुंद आहे ते पावलांनी मोजून दाखवलं. "पहिला गिअर. नदीकडे बघायचं नाही, माझ्या पाठीकडे बघायचं." तो दोन्ही पाय जमिनीला घासत आला. मागे ट्रकवाले हॉर्न वाजवून शिव्या घालत होते. लुआनं त्यांनाही दोन हासडल्या.

हा जियांगला पोचल्यावर योरिस उतरला, डोळे भरून म्हणाला, "मी पूर्ण केली फेरी."

"हँडल वाकवलंयस," लुआ म्हणाली आणि गाडी आत घेतली.

दुसऱ्या दिवशी तो गेला. लुआचा त्याच्यावरचा राग आठवड्यात विरला, पण अंगणातला आपला तो पहिला प्रश्न काही तिच्या डोक्यातून जाईना. रविवारी दुकान बंद ठेवून ती म्याव वाकच्या बाजाराला गेली. चिआ डुकराची दोन पिल्लं विकायला बसली होती.

"मावशी, त्या दिवशी मी चुकीचं बोलले."

"चुकीचंच बोललीस," चिआ म्हणाली. गिऱ्हाईक आलं, त्याच्याशी तिनं निवांत घासाघीस केली, त्याला वाटेला लावलं. लुआ उभीच होती. शेवटी चिआनं शेजारचं लाकडी स्टूल पायानं तिच्याकडे सरकवलं.

"बस. पण माझा राग अजून गेलेला नाही, सांगून ठेवते."