शेडखालची वाळू

धाकटी सकाळी प्लॉटवर आली, घराच्या पायासाठी खणलेले चर बघितले आणि मटकन खाली बसली. चर कसले, लांबच लांब हौद झाले होते. मागच्या बाजूची माती ढासळून आत आली होती आणि गवंड्याने आखणीसाठी ठोकलेल्या खुंट्या चहाच्या रंगाच्या पाण्यावर तरंगत होत्या.

पाणी कुठून आलं ते शोधायला लांब जायची गरज नव्हती. वडिलांनी एकाच उताराचे दोन तुकडे करून दोघी बहिणींना दिले होते. वरच्या तुकड्यावर थोरलीचं घर कितीतरी वर्षांपासून उभं होतं. तिच्या छताचे पाइप मागच्या भिंतीवरून खाली येत आणि उघड्यावर सुटत. खाली नुसतं गवत होतं तोवर त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. आता तिथे घर व्हायचं होतं.

"ताईंना सांग," तिचा नवरा म्हणाला. तो बस चालवायचा. प्रश्न मोठा असला की त्याचा आवाज बारीक व्हायचा. "भांडू नकोस. नुसतं सांग."

"मी कधी भांडते?"

तो पाण्यातल्या खुंट्या गोळा करायला लागला.

सांगायच्या आधी धाकटीने माती तपासणाऱ्या इंजिनिअरबाईंना बोलावलं. बाई तरुण होत्या, चिखलाचे बूट घालून आल्या आणि आल्या आल्या त्यांनी चराच्या भिंतीतली मूठभर माती काढून तिची गोळी वळली. गोळी लांबवत त्यांनी तिची बारीक वात केली. वात तुटली नाही.

"ही चिकणमाती," बाई म्हणाल्या. "भिजली की फुगते, वाळली की आक्रसते. हिच्यावर घर बांधता येतं, पण एक बाजू सारखी भिजत राहिली आणि दुसरी कोरडी राहिली, तर भिंतींना तडे जाणार. आधी वरून येणारं पाणी थांबवायला हवं. आणि तुमच्या छताचंही पाणी तुम्हाला इथेच, आपल्या जागेत मुरवावं लागेल. रस्त्यावर सोडायला आता परवानगी नाही."

कोपऱ्यात एक खड्डा खणून त्यांनी तो पाण्याने भरला. दुसऱ्या दिवशी सगळे बघायला आले तेव्हा पाणी जवळजवळ होतं तेवढंच होतं. फरक एवढाच, की त्यात एक बेडूक येऊन बसला होता.

"घर व्हायच्या आधीच भाडेकरू आला," नवरा म्हणाला. धाकटीला हसू आलं नाही.

तिने या घराचं एक चित्र मनात पक्कं केलं होतं. ती दातांच्या कवळ्या बनवायची. लग्नाआधीपासून एका लॅबच्या तळघरात, ट्यूबलाइटखाली बसून ती लोकांचं हसू घासत आली होती. नव्या घरात मागच्या बाजूला तिची स्वतःची खोली होणार होती, मोठ्या खिडकीची. कवळीचा रंग दिवसाच्या उजेडात बघायला मिळेल, एवढंच तिचं म्हणणं होतं.

मग धाकटीने ताईला सांगितलं. वरचं पाणी वरच मुरेल का ते बघण्यासाठी थोरलीने आपल्या आवारात भोकं पाडायला लगेच परवानगी दिली, वर बाईंना चहाही दिला. फाटकाजवळ चिकणमातीच निघाली. बाजूला जुन्या बांधकामाचा राडारोडा. मग बाईंनी मागच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या शेडजवळ गिरमिट फिरवलं, तर वर आली ती जाड वाळू आणि गुळगुळीत गोटे. बाईंनी त्या भोकात बादलीभर पाणी ओतलं. ते गुडगुड आवाज करत बघता बघता दिसेनासं झालं.

"इथून कधीकाळी ओढा वाहत असणार," बाई खूश होऊन म्हणाल्या. त्यांनी आणखी दोन-तीन भोकं पाडली. "हा वाळूचा पट्टा शेडच्या खालून रस्त्याच्या अंगाला जातो, खालच्या प्लॉटकडे वळतच नाही. इथे शोषखड्डा केला तर तुमच्या छताचं सगळं पाणी जिरेल. फक्त ही शेड काढावी लागेल."

थोरलीने हातातला कप खाली ठेवला.

"शेड निघणार नाही," ती म्हणाली आणि आत गेली.

धाकटी दिवसभर दातओठ खात होती. नवरा म्हणाला, "तुझ्या धंद्याला बरं आहे, स्वतःचेच दात मोडलेस तरी नवे बनवशील." संध्याकाळी ती तरातरा वर गेली. थोरली शिलाई मशीनवर शाळेचे युनिफॉर्म शिवत होती. तिच्याभोवती निळ्या पँटींचा ढीग होता.

"ताई, गंजलेल्या पत्र्याच्या शेडसाठी माझं घर बुडवणार आहेस का?"

थोरलीने मशीन थांबवलं. 

"आत एक मोटार आहे," ती म्हणाली. "अर्धी भरलेली. हे ती टेबलावर तशीच ठेवून चहाला म्हणून उठले, आणि दारापर्यंतच पोचले. तुला माहीतच आहे पुढचं. मला ती मोटार बघायची नाही, छोटे. आणि दुसऱ्या कुणी उचललेलीही चालणार नाही."

  भावजी जळलेल्या विजेच्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचे, त्यांच्या बोटांना कायम व्हार्निशचा वास यायचा. ते गेले त्या दिवसापासून शेडला कुलूप होतं, हे धाकटीला माहीत होतं. पण शेडमध्ये काय आहे हे तिने कधी विचारलंच नव्हतं. तिने दोन पँटींची बटणं लावून दिली आणि खाली आली.

दुसऱ्या दिवशी तिने बाईंना फोन केला. "शेड सोडून काही करता येईल का?"

करता येत होतं. खालच्या प्लॉटच्या मागच्या हद्दीलगत रुंद, उथळ खोलगट भाग ठेवायचा, वरची चिकणमाती काढून तिथे वाळू आणि खत मिसळलेली माती भरायची, वर झाडं लावायची. दोन्ही छतांचं पाणी तिथे थांबेल, हळूहळू मुरेल, जास्तीचं पाइपाने गटाराकडे जाईल. मात्र एवढ्या पाण्यापासून पाया लांब हवा. घर पुढे सरकवावं लागेल, थोडं लहानही करावं लागेल.

"आणि मागची खोली?" नवऱ्याने विचारलं.

"नाही झाली तर नाही," धाकटी म्हणाली. "ताईला बोलू नका."

त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं गवंड्याने. तो नवी आखणी करताना पाणी प्यायला वर गेला आणि सहज बोलून गेला, की बाईसाहेबांची खोली गेली बघा, सगळं घर पुढे ओढलं. थोरली तशीच, गळ्यात टेप लटकत असताना, खाली उतरली.

"कीव करतेस माझी?"

"कीव कसली?"

"मग विचारलं का नाहीस? परस्पर खोली सोडून मोकळी झालीस! लहानपणीही अशीच होतीस. आपली वस्तू गुपचूप द्यायची आणि मग कोपऱ्यात तोंड पाडून बसायचं."

"मी तोंड पाडलंय का?"

"आरशात बघ."

गवंडी फुटपट्टी घेऊन हळूच लांब सरकला.  मग थोरलीचा आवाज खाली आला.

"शेड काढू. पण आधी ती मोटार पुरी करायची. अर्धवट ठेवून काढायची नाही."

"पुरी कोण करणार?"

"मी. तारेचे फेरे मोजायला रोज मीच बसायचे ना ह्यांच्याजवळ."

रविवारी त्यांनी कुलूप उघडलं. किल्ली फिरेना, तेव्हा नवऱ्याने तेल घातलं. आत धूळ, कोळिष्टकं, तांब्याच्या तारेची रिळं आणि टेबलावर ती मोटार. थोरलीने तिच्यावरची धूळ पदराने पुसली. 

मग थोरली तार गुंडाळायच्या यंत्राचं हँडल फिरवायला बसली. ती तोंडाने फेरे मोजायची आणि मोजता मोजता थांबायची, पुन्हा सुरू करायची. तयार झालेली तारेची वेटोळी मोटारीच्या खाचांमध्ये बसवायचं काम धाकटीकडे आलं. कवळीत एकेक दात बसवणारी तिची बोटं, तिला ते जमलं. तार पत्र्याला लागू नये म्हणून खाचांत कागद सरकवताना थोरली म्हणाली, "ह्यांच्यापेक्षा सफाईदार आहे तुझा हात," आणि मग पहिल्यांदा रडली. धाकटीने वेटोळं हातातच धरून ठेवलं. सोडलं असतं तर सुटलं असतं.

विजेला जोडल्यावर मोटार नुसती गुरगुरली. नवरा उडी मारून दारात गेला. थोरलीने नाक पुसलं, दोन तारांची टोकं उलट केली, आणि मोटार फिरायला लागली.

ती ज्याची होती तो लाँड्रीवाला निरोप मिळताच दुसऱ्या दिवशी आला. त्याने कधीच दुसरी मोटार घेतली होती, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. पण त्याने ती दोन्ही हातांनी उचलली. "बरं झालं," तो म्हणाला, "हीच चांगली चालायची."

शेड उतरवली. वाळू लागेपर्यंत खड्डा खणला, दगड भरले, माती आत शिरू नये म्हणून वर जाड कापड अंथरलं. थोरलीच्या छताचे पाइप तिकडे वळवले. खाली धाकटीच्या स्वतःच्या छतापुरता लहानसा खोलगट भाग पुरला. तो बाजूला आखला आणि घर पुन्हा मागे सरकलं. गवंडी तिसऱ्यांदा खुंट्या ठोकताना म्हणाला, "आता हे घर इथेच ठेवा, बाईसाहेब. चाकं लावून देऊ का?"

पुढचा मोठा पाऊस भर दुपारी आला. धाकटी लॅबमधून रिक्षा करून आली आणि थेट चरांकडे धावली. तळाशी वरून पडलेलं थोडं पाणी होतं. भिंती जागच्या जागी होत्या. वर थोरली छत्री धरून शोषखड्ड्याच्या झाकणाजवळ वाकली होती.

"काय ऐकतेस?" धाकटीने खालून ओरडून विचारलं.

"पितंय बघ!" थोरली ओरडली. "वर ये, भिजू नकोस. आणि त्या खोलीची खिडकी उत्तरेला घे, ऊन थेट येणार नाही. मी शिवणाऱ्या बाईने सांगायचं का तुला उजेडाचं?"

"सांग की," म्हणत धाकटी चिखलातून वर चढायला लागली.